पोत्यावर खरं लिहिलं होतं

केशराचा नमुना आला की प्रयोगशाळेत सगळे स्पेक्ट्रोफोटोमीटरकडे, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राकडे, धावतात. आयएसओ ३६३२ या केशराच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाण्यात अर्क काढायचा, ४४० नॅनोमीटर तरंगलांबीला रंगाची ताकद, २५७ ला कडवटपणा, ३३० ला वास, आकडे छापून मोकळे. मी आधी भिंगाखाली बघते. नव्या पोरांना तो वेळेचा अपव्यय वाटतो.

हा माल दिसायला झकास होता. चिमूटभर कोमट पाण्यात सोडला. केशराचा धागा म्हणजे फुलाची कुक्षी, स्त्रीकेसराचं टोक. भिजली की टोकाशी तुतारीसारखी रुंदावते, कड दातेरी. इथे प्रत्येक धाग्याची बारीक नळी झाली, वर पाच चिंचोळे पाकळीभाग, मधून डोकावणारी परागकोशांची पिवळी नळी. म्हणजे अख्खं फुलच, तेही करडईचं! करडईच्या एका बोंडात अशी कितीतरी फुलं असतात. परागकणही पाहिले: काटेरी. केशराचे मोठे, गोल आणि जवळजवळ गुळगुळीत असतात.

एवढ्यावर अहवाल देता आला असता, पण मला राहवलं नाही. फुलं थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा रंग काढून टाकला. तो पाण्यात सहज विरघळतो. उरलेल्या चोथ्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं, गाळलं, त्यात सुती कापडाची पट्टी टाकली आणि लिंबाचा रस थेंबथेंब सोडला. पट्टी गुलाबी झाली. हा कार्थामिन, करडईचा लाल रंग. सोड्यासारख्या अल्कलीत उतरतो, आम्लात बाहेर पडतो आणि सुताला धरतो. प्राचीन इजिप्तमध्येही करडईने कापड रंगवत. आपण मात्र करडई म्हटलं की तेलाचा डबा आठवणारे.

मग मूळ पोत्याचा फोटो मागवला. त्यावर अरबीत ठळक अक्षरं. अरबी वाचणाऱ्या सहकाऱ्याने क्षणात सांगितलं, ‘उस्फुर’. करडईचं फूल, रंगाचं. बियांना तिकडे ‘कुर्तुम’ म्हणतात. कार्थॅमस हे करडईचं वनस्पतिशास्त्रातलं नाव त्यावरूनच आलं. केशर असतं तर ‘झाफरान’ लिहिलं असतं. आतल्या छोट्या पाकिटांवर मात्र इंग्रजीत ‘सॅफ्रन’.

म्हणजे पहिल्या माणसाने तरी काही लपवलं नव्हतं. पुढे माल कितीतरी हातांतून गेला, कागदांवर सह्या झाल्या आणि पोत्यावरचं कुणी वाचलं नाही, किंवा वाचून गप्प बसलं. लबाडी नेमकी कुठे शिरली, हे मला अजून उलगडत नाही. अहवालात तसा रकानाही नाही.

नमुना पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचा फोन आला. “मॅडम, हे विषारी आहे का?”

“नाही. खाण्यात रंगासाठी वापरतात.”

“मग विकायला काय हरकत?”

“करडईची फुलं म्हणून खुशाल विका.”

“त्याला केशराचा भाव कोण देणार?”