आम्ही वेण्या दारात घालतो

मंगळवार, पहाटे 3.40

ऑफिसच्या कामासाठी अकरा दिवस अमेरिकेत राहून शुक्रवारी घरी परत आले. झोप लागत नाहीये ती विमानप्रवासामुळे, असं मी स्वतःला सांगतेय. ते खोटं नाही. पण काल सकाळपासून एक वाक्य डोक्यात अडकून बसलंय आणि ते कुठेतरी उतरवल्याशिवाय सुटका नाही.

काल सकाळी नेहमीसारखी आरशापुढे उभी राहून मोठीला हाक मारली. कंगवा जागेवर नव्हता आणि तीही आली नाही. बाहेर येऊन बघते तर बाईसाहेब दप्तर पाठीला लावून चपलांच्या रॅकवर बसलेल्या, पाय हलवत. म्हटलं, "अगं, वेण्या राहिल्यात ना?"

"माहितेय. आम्ही वेण्या दारात घालतो."

रागावून नाही, रुसून नाही. पाहुण्यांना दिव्याचं बटण कुठे आहे ते सांगतात ना, त्या सुरात.

कंगवा तिथेच होता. रॅकच्या वरच्या खणात, बुटाच्या पॉलिशची डबी आणि छत्री यांच्यामध्ये, तिचे दोन केस अडकलेला. रबरबँड दाराच्या कडीला. म्हणजे एकदाच झालेली गंमत नव्हे, चांगली बसलेली घडी होती. दारातून गाडी आलेली दिसते, धाकटा हाताशी राहतो, धावपळ होत नाही. शहाणपणाचंच आहे. मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं, हे वेगळं.

मग मी दारात बसून वेण्या घातल्या. पहिली निम्मी झाली तोच, "आम्ही एवढ्या घट्ट नाही घालत."

दुसऱ्यांदा आम्ही.

इंग्रजीत बोलत असती तर 'वी' म्हणून मोकळी झाली असती आणि मीही त्या 'वी'त बसलेय असं समजून सुखात राहिले असते. ऑफिसात अकरा दिवस आम्ही सगळे वी वी करत होतो, त्यात नेमकं कोण कोण, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मराठीत ती सोय नाही. 'आपण' म्हटलं की समोरचा आत, 'आम्ही' म्हटलं की बाहेर. चार वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी ती चुकत नाही. तेच टोचतंय. चुकली असती तर बरं झालं असतं.

काल दिवसभर कान टवकारून बसले होते. बाबाला म्हणाली, "आपण उद्या जाऊ या का?" धाकट्याला, "आपण हे तोंडात नाही घालायचं." बाहुलीला पांघरूण घालताना, "चला, आपण आता झोपू या." म्हणजे बाहुली आपल्यात. आणि मी, जिने ती बाहुली आणली, ती आम्हीच्या पलीकडे.

नवऱ्याला रात्री सांगितलं. म्हणाला, "चार वर्षांची आहे ती. व्याकरण काय काढतेस?" आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. त्याला तो हक्क आहे, अकरा दिवसांचा. त्या अकरा दिवसांबद्दल आम्ही (की आपण?) अजून बोललोच नाही. आई चार दिवस येऊन गेल्या, त्याबद्दलही नाही. राहू दे.

धाकट्याचं तर निराळंच. शुक्रवारी दारात मी हात पुढे केले, त्याने बाबाच्या खांद्यात तोंड लपवलं. मग हळूच एक डोळा बाहेर काढून बघितलं. त्या डोळ्यात मात्र 'आपण' होतं. आदरार्थी. आपण कोण?

मगाशी अंधारात फोनवर वाचत बसले होते. करू नये ते. मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण वर्षा-दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केले होते. आई खोलीतून बाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते, आणि एकतर्फी काचेमागून मूल काय करतं ते टिपून घ्यायचं. मला वाटलं होतं, ती गेल्यावर किती रडतं यावर सगळं ठरत असेल. तर नाही. खरं लक्ष ती परत आल्यावर मूल काय करतं याकडे. कुणी धावत येतं, कुणी चिडून ढकलतं, कुणी ती आलीच नाही असं दाखवून खेळत राहतं. छान, म्हटलं. मग पुढे वाचलं की आई बाहेर असते ती फार तर सहा मिनिटं.

सहा मिनिटं! एवढ्यात आमच्या ऑफिसच्या कॉलवर सगळ्यांचा आवाजसुद्धा नीट येत नाही. अकरा दिवसांचा तक्ता कुणाकडे असला तरी मला नकोय.

शरीराचं म्हणाल तर तेही घरी आलेलं नाही. म्हणतात, दिवसाला साधारण एक तास या हिशोबाने ते नव्या वेळेला रुळतं. माणसाचं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा काही मिनिटांनी लांब असतं, त्यामुळे दिवस वाढवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. माझ्या घड्याळापुढे तर भलताच पेच आहे, साडेदहा तास पुढे जायचं की साडेतेरा तास मागे. बहुतेक वाटेत कुठेतरी बसून विचार करतंय. कसाही हिशोब लावला तरी पुरतं रुळायला दहा ते चौदा दिवस, आणि पुढची खेप चार आठवड्यांवर. बघा म्हणजे.

हे लिहिताना एकदम तो रविवार आठवला.

तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे 2 वाजता घड्याळं तासभर मागे जातात. फोन आपोआप बदलतो, आपल्याला कळतही नाही. मी रोज 11 वाजता फोन करायचे, घरी साडेआठ, अगदी गोष्टीची वेळ. त्या रविवारीही बरोबर 11 ला केला, आणि घरी साडेनऊ. धाकटा कधीच झोपलेला, मोठी डोळे चोळत, उशीत अर्धा चेहरा.

"आई, तू झोपली नाहीस?"

"नाही गं, आमच्याकडे अजून सकाळच आहे."

आमच्याकडे.

मी म्हणाले होते हे. एकदा नव्हे, रोज. आमच्याकडे आज पाऊस आहे. आमच्याकडे अजून दुपार व्हायचीय. चल, आम्ही आता जेवायला निघतोय. कोण आम्ही? सातव्या मजल्यावरची एक खोली, जिची खिडकी उघडत नाही, आणि तीन माणसं, ज्यांच्या मुलांची नावं मला माहीत नाहीत. आणि ही पोरगी अकरा रात्री उशीत तोंड खुपसून ते ऐकत होती. तिने त्यातलं व्याकरण तेवढं उचललं. आईकडे एक 'आमच्याकडे' आहे, तर आपलंही असावं एक. दारात, चपलांच्या रॅकवर.

आता हसू येतंय. तासाभरापूर्वी याच खुर्चीत बसून डोळे पुसत होते आणि मनात राजीनाम्याचा मजकूर तयार होता. (तो दर खेपेनंतर तयार असतो. चांगला जमलाय एव्हाना.)

खोटं कशाला बोलू, त्या खोलीत पहिल्या रात्री आठ तास सलग झोपले होते आणि जाग आल्यावर कुणाचीच आठवण आली नव्हती. चांगली पाच मिनिटं. पण आज तो विषय नाही.

धाकटा उठला वाटतं.

त्याच दिवशी, सकाळी 9.10

पुढचं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

रात्री त्याला घेऊन येरझारा घातल्या. दहा मिनिटं अंग ताठ होतं, मग मान टाकली. जेट लॅगचा हा एक फायदा, पहाटे चारला माझ्याइतकं ताजंतवानं घरात कुणी नसतं.

सकाळी ठरवून, कुणी सांगायच्या आत, मीच दारात जाऊन बसले. रॅकच्या खणात हात घातला. पॉलिशची डबी, छत्री. कंगवा नाही. आतून आवाज, "आई! कुठे आहेस? ये ना!" ती आरशापुढे उभी, कंगवा हातात. नवऱ्याने काल रात्रीच तो परत आरशाखाली नेऊन ठेवला होता. "तू आलीस ना, म्हणून," म्हणाला. मी म्हटलं दारात घालू, तो म्हणाला आत घाला, ती म्हणाली कुठेही घाला पण घाला, आणि या सगळ्यात धाकट्याने रबरबँड पळवला. तोंडातून काढला तेव्हा तो गिळण्याच्या बेतात होता.

खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा एकच वेणी झालेली. तशीच पळाली. एका बाजूला माझी घट्ट वेणी, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, दप्तराच्या पट्ट्यात अडकलेले.