बॅलन अखेर बसला: 68.2 नव्हे, 84.4 सेंटीमीटर

मंडळी, काल रात्री माझ्या 145 मेगाहर्ट्झच्या यागी अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत फिरते याचं माप; 1 म्हणजे आदर्श) 1.2 वर आला! मागच्या नोंदीत 2.8 वर अडकलो होतो. त्यानंतर एलिमेंट (यागीच्या दांड्या) पुन्हा मोजले, डिरेक्टर (पुढच्या दांड्या) मागेपुढे सरकवले, फोल्डेड डायपोल (केबल जोडलेली दुमडलेली दांडी) सोडवून परत जोडला. दोष यागीत नव्हताच. तो होता 4:1 बॅलनमध्ये (डायपोलच्या दोन बाजूंना उलट फेज देणारा, अर्ध्या तरंगलांबीचा कोॲक्स केबलचा तुकडा), आणि तोही सोल्डरिंगचा नाही, लांबीचा.

हिशेब नेहमीचाच. 299.79 ला (प्रकाशाचा वेग, दशलक्ष मीटर प्रति सेकंद) 145 मेगाहर्ट्झने भागलं, तरंगलांबी 2.0675 मीटर. अर्धी 103.4 सेमी. कोॲक्समध्ये लाट हळू चालते म्हणून गुणिले 0.66, आले 68.2. हा 0.66 घन पॉलिथिलीनच्या आरजी-58 चा आकडा. केबलवर आरजी-58 असंच छापलेलं होतं, म्हणून शंका आली नाही.

शनिवारी त्याच केबलचा बरोबर 1 मीटरचा तुकडा कापला, एक टोक मोकळं ठेवून दुसरं नॅनोव्हीएनएला (केबल-अँटेना तपासायचं छोटं उपकरण) लावलं. मोकळ्या टोकाचा तुकडा पाव तरंगलांबीइतका भरला की अलीकडून शॉर्ट दिसतो. 0.66 खरा असता तर तो 49.5 मेगाहर्ट्झला दिसायला हवा होता. दिसला 61.2 ला! कॅलिब्रेशन पुन्हा केलं, तरी तेच. मग 20 सेमी छाटले. शॉर्ट सरकला 76.5 ला. दोन्ही वेळा लांबी आणि वारंवारतेचा गुणाकार 61.2 च, म्हणजे मोजमाप पक्कं. त्याची चौपट 244.8, भागिले 299.79: व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग भागिले प्रकाशाचा वेग) 0.817. केबल सोलून पाहिली तर आत फोम, नखाने दाबला की दबतो. विक्रेत्याने फोमची केबल आरजी-58 म्हणून दिली होती, याचा मला मनापासून राग आहे.

फोममध्ये हवा असल्यामुळे परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला माध्यम किती प्रतिसाद देतं तो आकडा) सुमारे 2.3 वरून 1.5 वर येतो, आणि वेग त्याच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ट्रान्समीटरने दिलेले 145 मेगाहर्ट्झ हवेत, पॉलिथिलीनमध्ये, फोममध्ये तेवढेच राहतात. ताणली-आखडली जाते ती तरंगलांबी. माझा 68.2 सेमीचा तुकडा प्रत्यक्षात 179.5 मेगाहर्ट्झचा अर्धतरंग निघाला. 145 ला तो 180 ऐवजी जेमतेम 145 अंश फेज देत होता (आकडा तोच आला हा योगायोग). डायपोलच्या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध चालतच नव्हत्या. नवा तुकडा 84.4 सेमीचा, जाळीच्या (कोॲक्सच्या बाहेरच्या तारांच्या विणीच्या) टोकापासून टोकापर्यंत मोजलेला. इथे 1 सेमीची चूक म्हणजे जवळपास 1.7 मेगाहर्ट्झ, तेव्हा टेपऐवजी स्टीलची पट्टी घ्या.

जे कॅल्क्युलेटर फक्त वारंवारता विचारून लांबी सांगतात, ते कोॲक्स कापायला मी यापुढे वापरणार नाही. व्हीएचएफला (30 ते 300 मेगाहर्ट्झ) पीएल-259 कनेक्टरही नको; बीएनसी किंवा एन-टाइप लावा.

पुढचा बेत बूम (दांड्या बसवलेला मधला दांडा) लांबवून आणखी दोन डिरेक्टर घालायचा होता. पण हे लिहिता लिहिता जुन्या तुकड्याकडे लक्ष गेलं. तो 42.2 सेमीवर कापून टोक शॉर्ट केलं, तर 145 ला पाव तरंग, म्हणजे मुख्य लाइनला समांतर असूनही जणू नाहीच. आणि 290 ला तोच अर्धतरंग, म्हणजे दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा नको असलेला सिग्नल) थेट शॉर्ट! शिवाय अँटेनावर साठणारा स्थिर विद्युतभार जाळीकडे वाहून जाईल, तो फायदा वेगळाच. डिरेक्टर थांबतील, आधी हा स्टब (लाइनला समांतर जोडायचा तुकडा). टी-कनेक्टर हाताशी आहे. तुकडा 44 सेमीवर कापून ठेवलाय, शॉर्ट करून नॅनोव्हीएनएवर बघत 2-2 मिलिमीटर छाटत जाणार आहे.