हिरवळ की तवा?

जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात कुत्र्यांसाठी कृत्रिम लॉन घातलं, त्याला आज महिना झाला. दुपारी दोनला बाहेर ४३ अंश. मोत्यानं गवतावर चार पावलं टाकली आणि उड्या मारत थेट पायरीवर! मी हात टेकवून पाहिला, तर भाकरीचा तवा बरा. खरं गवत पाण्याची वाफ सोडून गार राहतं, हे प्लास्टिक नुसतं तापत राहतं. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

त्याहून वाईट म्हणजे वास. लावणाऱ्यानं खडी नाही, उतार नाही, सरळ शहाबादी फरशीवर गोंदानं चिकटवून दिलं. खाली भोकं आहेत म्हणे, पण मुताला जायला वाट कुठंय? रोज धुवा म्हणतो. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, ते पिऊ की गवताला आंघोळ घालू? आता फोनही उचलत नाही.

आई पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "प्लास्टिकचं गवत कुणी खातंय का?"

संध्याकाळी कडेचा एक पट्टा उचकटला. खालची फरशी हिरवी झालीय, तेवढीच काय ती हिरवळ. मोत्या लिंबाखालच्या मातीत खड्डा करून गाढ झोपलाय.