सायबाच्या वाटेवर, पण सोनोरात

नोव्हेंबर संपत आला की सावंतवाडीत आमच्या शेजारच्या मावशी पिशवी भरायला घेत. चादर, पाण्याची बाटली, मेणबत्त्या. 3 डिसेंबरच्या फेस्ताला त्या जुन्या गोव्यापर्यंत चालत जायच्या, गोंयच्या सायबाकडे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरकडे. मी लहान असताना बांद्यापर्यंत त्यांच्यासोबत जायचे आणि तिथून मला परत पाठवायचे. पुढची वाट राहिली ती राहिलीच.

ती चालले, पण मेक्सिकोत. अमेरिकेत टक्सनला माझ्या कामावरची एक बाई दर ऑक्टोबरला रजा घेते. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या मागदालेना गावी सान फ्रान्सिस्को हाविएर (झेवियरचंच स्पॅनिश नाव) आहे, त्याला नवस फेडायला ती चालत जाते. मी म्हटलं, "अगं, तो तर आमच्या गोव्यात आहे!" ती शांतपणे म्हणाली, "आमचा मागदालेनात आहे. चल दाखवते."

निघायच्या आदल्या दिवशी टक्सनजवळच्या सान हाविएर देल बाक या जुन्या चर्चला गेलो. वाक हे तिथल्या मूळच्या तोहोनो ओ'ओधाम लोकांच्या गावाचं नाव, त्याचं स्पॅनिश तोंडात बाक झालं. जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच पंथाचा, पाद्री किनो इथे 1692 साली पहिल्यांदा आला. आजचं पांढरंशुभ्र देऊळ (मला देऊळच म्हणावंसं वाटतं) त्याच्यानंतरच्या फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी 1783 ते 1797 या काळात उभं केलं. त्यासाठी 7000 पेसो उसने घेतले होते. पूर्वेचा मनोरा अपुराच राहिला तो आजवर. मधल्या काळात भिंतींना सिमेंट फासलं, तर पाणी आत कोंडून भिंती खराब व्हायला लागल्या. मग सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, फड्या निवडुंगाचा रस घालून. आपल्याकडे जुन्या चुन्यात गूळ-हिरडा घालायचे, ते आठवलं. भिंतीला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले.

नोगालेसची सरहद्द ओलांडून चालायला लागलो. मागदालेना तिथून साधारण 90 किलोमीटर. दिवसा ऊन भाजून काढतं, म्हणून माणसं रात्री चालतात. हमरस्त्याच्या कडेने नुसते पाय आणि बॅटऱ्या. बाजूने मालट्रक सुसाटत जातात. कुणी तान्हं मूल पाठीशी बांधलेलं, कुणी मेलेल्या भावाचा फोटो छातीशी धरलेला. गावागावांत लोक टेबलं मांडून बसतात, पाणी, संत्री, गरम बीन्स देतात, पैसे घेत नाहीत. एका आजीने माझे फोड आलेले पाय बघितले आणि न विचारता बादलीत मिठाचं पाणी ओतलं. मला रडू आलं.

किनोची गोष्ट सोबतिणीने चालता चालता सांगितली. तो इटलीच्या उत्तरेकडचा, जन्म 1645 चा. तरुणपणी मरणाच्या दारात होता, तेव्हा त्याने फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला आणि जगला, म्हणून त्याचं नाव स्वतःच्या नावात घेतलं. त्याला जायचं होतं पूर्वेला, झेवियरच्या वाटेने चीनकडे. कोण कुठे जाणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्याला मेक्सिको आला. पंचवीसेक वर्षं तो या वाळवंटात घोड्यावरून हिंडला. गहू आणि गुरं आणली, चर्चं बांधली. 1711 च्या मार्चमध्ये मागदालेनात झेवियरच्या नावाचं छोटं चर्च वाहायला म्हणून आला आणि त्याच रात्री गेला. नवस पुरा फेडूनच गेला, असं ती म्हणाली. पण हेही खरं, की याच काळात परक्या रोगांनी ओ'ओधामांची गावंच्या गावं ओस पडली आणि त्यांनी 1695 आणि 1751 साली बंड केलं. आज त्यांचीच नातवंडं-पतवंडं आमच्या पुढे चालत होती. या वाटेवर पहिला हक्क त्यांचा, असं मला वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पोचलो. चौकात काचेखाली किनोची हाडं आहेत, ती 1966 साली सापडली. यात्रा मात्र 4 ऑक्टोबरची, म्हणजे दुसऱ्याच एका संताच्या, असिसीच्या फ्रान्सिसच्या दिवसाची. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं आणि या दुसऱ्या फ्रान्सिसच्या पंथाचे फ्रान्सिस्कन आले, तेव्हा दोन फ्रान्सिस एकात मिसळले, असं सांगतात. रांगेत कुणालाच त्याची अडचण वाटत नव्हती.

सायब मात्र निजलेला. गोव्यात चांदीच्या पेटीत आहे तसाच, आडवा. जुनी मूर्ती 1934 मध्ये सरकारने नेऊन जाळली, ही नंतरची. लोक मानेखाली हात घालून डोकं उचलतात. मनात खोट असेल तर ते हलत नाही, असं मानतात. माझी पाळी आली तेव्हा हात थरथरत होते. डोकं उचललं गेलं.

बाहेर येऊन मावशींना फोन लावला. मूर्तीला लावलेली निळी फीत मुठीत होती. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, चालवत नाही.

"पावलंस?" त्यांनी विचारलं.

"पावलंय."

"मगे माझ्या नावान एक मेणवात लाव. आणि ती फीत हाडूक विसरा नको."