आरसे, शिड्या, काचा : आमची वाटचाल

खेळण्यातल्या जुन्या गाडीचा धातू सहसा टिकतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर ती आतून तडकते, पण अशा गाड्या आमच्याकडे क्वचितच येतात. जातं ते प्लास्टिक. टपावरचा निळा दिवा, बाजूचे आरसे, फायर इंजिनाची शिडी, क्रेनचा आकडा, समोरची काच. गाडीचा चेहरा याच भागांनी बनतो आणि नेमके हेच आधी मोडतात. जुन्या खेळण्यातल्या गाड्या दुरुस्त करण्याचा आमचा सगळा उद्योग या नखाएवढ्या भागांवर उभा आहे.

बाबांचं डोंबिवली एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भाग काढायचं, लहानसं युनिट होतं. स्विचची बटणं, बाटल्यांची झाकणं, जे जॉबवर्क येईल ते. सुट्टीत मला भंगार निवडायला बसवत. कुठला तुकडा कुठल्या प्लास्टिकचा हे ओळखायची बाबांची रीत साधी होती. पाण्यात टाक; तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. बुडाला तर टोक जाळून बघ. काळा काजळीचा धूर आणि गोडसर वास आला तर पॉलिस्टायरिन. जळक्या केसांसारखा वास आला तर नायलॉन. डोळ्यांत चरचरणारा तिखट वास आला तर ॲसिटल नावाचं कडक प्लास्टिक, आणि त्याच्यापासून नाक लांब ठेव. आज दुरुस्तीला आलेला भाग कोणी जाळत नाही, पण आतल्या बाजूचा एखादा कण खरवडून घेतला तरी पुरतो. ज्याला प्लास्टिक ओळखता येत नाही त्याने ते चिकटवायला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

पहिलं काम आणलं ते आमच्याच सोसायटीतल्या काकांनी. जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बोटीवर असताना बंदराबंदरांतून मुलांसाठी घेतलेल्या मॅचबॉक्स आणि कॉर्गी या ब्रिटिश कंपन्यांच्या छोट्या गाड्या त्यांनी डब्यांत जपून ठेवल्या होत्या. मॅचबॉक्सच्या 1966 च्या फायर पंपरची, म्हणजे आगीच्या बंबाची, पांढरी शिडी दोन पायऱ्यांमध्ये मोडली होती. मी म्हटलं, "काका, नवीन शिडी बाहेरून मागवता येईल." ते म्हणाले, "नवीन नको रे. हीच जोड. हिला माझ्या मुलाने चावलंय." दातांचे ते व्रण अजून त्या शिडीवर आहेत. आमच्या कामाचा पहिला नियम तिथेच ठरला: मूळ भाग हाती असेल तोवर तोच वाचवायचा.

पुढे काकांच्या ओळखीतून संग्राहक येत गेले. भारतात या छंदाची मुळं बरीच जुनी आहेत. लिव्हरपूलच्या डिंकी टॉइज या छोट्या गाड्यांचे साचे साठच्या दशकात कलकत्त्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज नावाच्या गाड्या निघाल्या. ऐंशीच्या दशकात लिओ मॅटेलची हॉट व्हील्स आपल्याकडच्या मुलांच्या हाती आली. चोरबाजारात अजूनही यांतली एखादी चाकं गेलेली गाडी सापडते, आणि ती आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला मला फार आवडतं. कॉर्गीने 1956 मध्ये सुरुवात केली तीच खिडक्यांना प्लास्टिकच्या काचा बसवून, आणि तेव्हा ते मोठंच आकर्षण होतं. आज त्याच काचा पिवळ्या पडून, तडा जाऊन आमच्या टेबलावर येतात.

आता थोडं कामाविषयी, कारण लोक विचारतात की एवढासा आरसा जोडायला इतका वेळ का लागतो.

आरशाचा दांडा मिलिमीटरभर जाडीचा. नुसतं चिकटवलं तर दुसऱ्यांदा हात लागताच सुटतो. म्हणून दोन्ही तुकड्यांत हाताच्या ड्रिलने 0.4 मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळेची तार घालतो. भिंगाखाली, श्वास रोखून. भोक जरा तिरकं गेलं तर दांडा फुटतो. अशी बारीक ड्रिल मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. बाकीची हत्यारं निम्मी दातांच्या डॉक्टरांची आणि निम्मी सोनारांची.

चिकटवण्यातही प्लास्टिकची जात बघावी लागते. पॉलिस्टायरिन आणि एबीएस या प्लास्टिकना एमईकेसारखं सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारं रसायन, लावलं की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. तो सांधा सगळ्यांत पक्का. ॲसिटल मात्र काहीच धरत नाही, तिथे तारेचाच आधार. आणि काचेजवळ सुपर ग्लू कधीच नाही. त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि पांढरी साय धरते. हवेत दमटपणा असला की जास्तच. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर विचारू नका. काचा आम्ही पाण्यावर चालणाऱ्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या गोंदाने बसवतो. जून ते सप्टेंबर खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र चालू असतं. विजेचं बिल वाढतं, पण त्याला इलाज नाही.

घरी जपणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. मऊ पीव्हीसीच्या टायरमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं आणि शेजारचं पॉलिस्टायरिन वितळवतं. चाकाची तबकडी किंवा शोकेसचा पारदर्शक तळ टायरखाली खचलेला दिसतो तो यामुळे. गाडी काचेवर किंवा धातूवर ठेवा, किंवा खाली टेकू देऊन चाकं अधांतरी ठेवा. एकदा खचलेला भाग पूर्ववत होत नाही.

चंदेरी बंपरचं काम सगळ्यांत किचकट. तो चकाकता थर म्हणजे निर्वात पेटीत वाफ करून चढवलेलं ॲल्युमिनियम असतं, इतकं पातळ की पॉलिशच्या कापडाने निघून येतं. आमच्याकडे तशी पेटी नाही. वसईत अत्तराच्या बाटल्यांच्या झाकणांना असा थर देणारं एक युनिट आहे, ते आमचे भाग त्यांच्या ट्रेमध्ये सामावून घेतात. ट्रेभर भाग जमेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबावं लागतं, हे आम्ही आधीच सांगतो.

मूळ भाग हरवलाच असेल तर तसाच भाग नव्याने घडवावा लागतो. सुरुवातीला मूळ नमुन्यावरून सिलिकॉनचा साचा करून रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, ओतायचो. रेझिन दाबाच्या भांड्यात ठेवलं नाही तर बुडबुडे राहतात आणि शिडीच्या पायरीत एक बुडबुडा म्हणजे ती पायरी गेलीच. आता रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे, पण साच्याचं काम सोडलेलं नाही. प्रिंटवर थरांच्या रेषा राहतात आणि पारदर्शक दिव्यात त्या लगेच डोळ्यांत भरतात.

इथेच आमचा दुसरा नियम येतो. आम्ही केलेल्या प्रत्येक भागाच्या न दिसणाऱ्या बाजूला एक ठिपका कोरलेला असतो आणि गाडीबरोबर चिठ्ठी जाते: काय मूळ, काय जोडलेलं, काय नवं. एका व्यापाऱ्याने ठिपका न कोरता मोठी ऑर्डर देऊ केली होती. दिवे, आरसे, जेम्स बाँडच्या ॲस्टन मार्टिन गाडीतून उडणारा तो इवलासा माणूस. पैसे चांगले होते आणि तेव्हा आम्हाला गरजही होती. बाबांना विचारलं तेव्हा ते मोल्डिंग मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "उद्या तीच गाडी आपल्याकडे दुरुस्तीला आली तर काय सांगशील?" आम्ही नाही म्हटलं. संग्राहक मूळ भागासाठी कित्येक पट पैसे मोजतो. त्याला फसवण्यात आमचा हात असता तर हा धंदा मी बंद केला असता.

2020 साली खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. त्यानंतर "दुसरी घेऊ" म्हणणारे पुष्कळ जण "हीच नीट करून द्या" म्हणू लागले. 2020 च्याच टाळेबंदीत लोकांनी माळे उपसले. कुरियर सुरू झाल्यावर नागपूर, कोल्हापूर, मडगाव, अगदी दुबईतूनही डबे आले. मोल्डिंगचं युनिट बाबांनी तोवर आवरतं घेतलं होतं, त्याच शेडमध्ये आम्ही टेबलं मांडली.

आज आम्ही चौघं आहोत. आरशांचं बहुतेक काम एक ताई करतात; आधी त्या घड्याळांच्या कारखान्यात जुळणीवर होत्या आणि त्यांच्या हाताइतका स्थिर हात मी दुसरा पाहिलेला नाही. दोन मुलं आयटीआयमधून आली आहेत. बाबा रोज दुपारी येतात, एखादा तुकडा पाण्याच्या वाटीत टाकून मुलांना विचारतात, "सांग, काय आहे?"

गाडी पाठवायची असेल तर एवढं करा. मोडलेले सगळे तुकडे, भुग्यासकट, छोट्या झिपच्या पिशवीत वेगळे ठेवा. घरी चिकटवून बघू नका. जुना गोंद काढण्यातच अर्धा वेळ जातो. गाडी टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा, बबल प्लास्टिक थेट रंगाला लागू देऊ नका. चाकं पुढेमागे होणार नाहीत असं बघा. काच फुटलेली असेल तर गाडी उघडावी लागते, म्हणजे तळ पक्का धरणारा खालचा रिव्हेट ड्रिलने उडवावा लागतो आणि तिथे स्क्रू येतो. हे मान्य आहे का ते आधी कळवा. अंदाज फोटोवरून देतो, पण पक्का दर गाडी हातात आल्यावरच. सध्या काचांच्या कामाला सहा आठवडे लागत आहेत, आरशांना तीन.