कोणी पकडलं नव्हतं, मग पेपर मागे का घेतला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. परिषदेतल्या जेवणाच्या रांगेत, रिफ्रेशर कोर्सच्या चहाला, पीएचडीच्या मुलाखतीला आलेल्या पोरांकडून, एकदा तर घरच्या लग्नात धाकट्या दिरांकडून हा प्रश्न मला आला आहे: कोणी तक्रार केली नव्हती, मग रसायनशास्त्रातला तो छापून आलेला पेपर स्वतःहून मागे का घेतलात? दर वेळी मी "निष्कर्षात चूक होती" एवढंच बोलले. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला पाठ झालंय. म्हणून आधी हे सांगते, की आम्ही काहीही बनवलं नव्हतं. रेणूची ओळख पटवणारा प्रत्येक एनएमआर आलेख खरा होता, प्रत्येक यील्ड, म्हणजे हाती आलेलं उत्पादन, काट्यावर तोललेलं होतं. मे 2018 मध्ये यूजीसीने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून 4,305 संशयास्पद जर्नलं काढून टाकली, त्यांत आमचं नव्हतं. पैसे भरून छापून घेतलेलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्या दोन रेफरींनी प्रश्न विचारले, आम्ही उत्तरं दिली आणि 2016 मध्ये पेपर आला.

दावा असा होता की केळीच्या सालीच्या राखेच्या पाण्यात सुझुकी कपलिंग, म्हणजे दोन सेंद्रिय रेणू जोडणारी रिअ‍ॅक्शन, एरवी लागणाऱ्या पॅलेडियम धातूशिवाय होते. राखेचं पाणी आमचं नव्हे. आसामातल्या दिब्रुगड विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये ते दाखवलं होतं, पण त्यांनी पॅलेडियम घातलं होतं. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलाने एकदा ते न घालताच रिअ‍ॅक्शन लावली आणि टीएलसीवर, म्हणजे रिअ‍ॅक्शन झाली का ते दाखवणाऱ्या प्लेटवर, स्पॉट आला. पॅलेडियमच्या ज्या कामाला 2010 चं नोबेल मिळालं, ते काम त्या महागड्या धातूशिवाय, केळीच्या सालीवर! शीर्षकात "धातुविरहित" हा शब्द मी स्वतः घातला.

त्या वेळच्या मला मी अजून जाब विचारते. ती म्हणते, राख एएएसवर, धातू शोधणाऱ्या यंत्रावर, तपासली होती ना? तपासली होती आणि "आढळलं नाही" असं आलं होतं. पण त्या यंत्राला किती कमी दिसतं हे तुला माहीत होतं. लेडबीटर या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने 2003 मध्ये असाच दावा केला, आणि 2005 मध्ये स्वतःच पुन्हा तपासून सांगितलं की बाजारच्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात 50 भाग इतकं पॅलेडियम होतं आणि रिअ‍ॅक्शनला तेवढं पुरत होतं. हा पेपर तू वाचला होतास, आपल्या संदर्भांत तो चौदावा आहे. ती म्हणते, मुलाची फेलोशिप चार महिन्यांत संपत होती, पेपरशिवाय प्रबंध सादर करता येत नव्हता. तेही खरं. ती अट यूजीसीच्या 2022 च्या नियमांत रद्द झाली, तेव्हा होती. यावर मला तिला गप्प करता येत नाही.

2019 च्या जूनमध्ये एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजमधून एका मॅडमचा मेल आला. लॅब नवीन झाली होती, काचसामान सगळं नवं, छोटासा प्रकल्प मिळाला होता. महाग काही लागत नाही म्हणून त्यांनी आमची पद्धत निवडली होती. मार्चपासून एमएस्सीच्या दोन मुली रिअ‍ॅक्शन लावत होत्या आणि स्पॉट येत नव्हता. आमचं काय चुकतंय, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मी उत्तर लिहिलं: राख ताजी घ्या, पाणी नीट गाळा, तापमान उतरू देऊ नका, ढवळणं जोरात हवं. त्यांनी सगळं केलं. पुढच्या मेलमध्ये टीएलसी प्लेटांचा फोटो होता, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख. मी पुन्हा राखेबद्दलच लिहिलं. तिसऱ्या मेलमध्ये शेवटी एक वाक्य होतं: "मॅडम, बहुतेक आमच्याच हाताला अजून वळण नाही."

त्याच वर्षी मॉस्कोचे रसायनशास्त्रज्ञ अनानिकोव यांच्या गटाचा पेपर आला होता. रिअ‍ॅक्शन ढवळायला आत टाकतात त्या मॅग्नेटिक नीडल वापरून त्यांच्या टेफ्लॉनवर बारीक चरे पडतात, आधीच्या रिअ‍ॅक्शनमधले धातू त्यांत अडकून बसतात आणि धुऊनही जात नाहीत, असं त्यात दाखवलं होतं. मी तो वाचून बाजूला ठेवला होता. आमच्या नीडल ड्रॉवरमधल्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात असायच्या. कित्येक वर्षं पॅलेडियमच्या रिअ‍ॅक्शन केलेल्या पोरांच्या त्या नीडल, काही करड्या पडलेल्या. ते वाक्य वाचल्यावर मला तो डबा आठवला.

शनिवार होता. नव्या नीडलचं पाकीट फोडलं, दोन नवे आरबी, म्हणजे गोल बुडाचे चंबू, घेतले. राखेचं पाणी तेच, बोरॉनिक अ‍ॅसिडची बाटली तीच. डावीकडच्या आरबीत डब्यातली नीडल, उजवीकडे कोरी. तीन तासांनी यूव्हीखाली डावीकडचा स्पॉट दिसला. उजवीकडे काही नाही. संध्याकाळी नाही. रात्रभर चालू ठेवली, रविवारी सकाळीही नाही. मग डब्यातली दुसरी एक जुनी नीडल उचलून उजव्या आरबीत टाकली. दुपारपर्यंत स्पॉट आला. मी स्टुलावर बसून राहिले, घरून तीन फोन येऊन गेले. त्या मुलींची लॅब कोरी होती, म्हणून त्यांना जमत नव्हतं. आणि मी त्यांना ढवळायला शिकवत होते.

पेपर मागे घेण्याचं पत्र मी त्या सोमवारी लिहिलं नाही, सात महिन्यांनी लिहिलं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. नीडल आणि द्रावणं आयसीपी-एमएसला, म्हणजे अगदी सूक्ष्म धातूही मोजणाऱ्या चाचणीला, पाठवायची होती, पक्का आकडा हाती नसताना कशाच्या जोरावर लिहायचं, हे कारण खोटं नाही. पण नमुने पाठवायची घाईही मी केली नाही. मध्ये माझी प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि त्यात तो पेपर मोजला गेला. मुलाखत डिसेंबरात झाली, नमुने जानेवारीत गेले, पॅलेडियम सापडल्याचा अहवाल आला तेव्हा जर्नलला पत्र गेलं.

2021 मध्ये नेचर कॅटॅलिसिस या मोठ्या जर्नलमध्ये पॅलेडियमशिवाय सुझुकीचा एक पेपर आला आणि वर्ष संपायच्या आत मागे घेतला गेला; तिथेही पॅलेडियमच निघालं. तेव्हा लोक समजुतीने म्हणाले, बघा, मोठ्यांचंही होतं. त्यांचा पेपर वर्षभरात गेला. आमचा जवळजवळ चार वर्षं उभा होता.

कॉलेजच्या मॅडमना मी फोन केला. त्या काही क्षण बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे मुलींचं बरोबर होतं?" त्या मुली तोवर पास होऊन गेल्या होत्या, प्रकल्पाच्या अहवालात "यश आले नाही" असं लिहून.

मुलाला फोन करणं अवघड गेलं. तो तेव्हा एका औषध कंपनीत लागला होता. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, नीडल मला तुम्हीच दिली होती." रागाने नाही म्हणाला. सहलेखक म्हणून त्याने पत्राला संमती दिली. त्यानंतर दिवाळीला त्याचा मेसेज येणं थांबलं.

त्याच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण तसंच आहे. त्याला शुद्धिपत्र जोडावं असा अर्ज मी विद्यापीठाकडे केला, त्याला उत्तर नाही. तो अर्ज मागे घ्या, अशी मुलाने एका मित्राकरवी विनंती केली आहे. मी तो मागे घेतलेला नाही. त्याचा पाठपुरावाही केलेला नाही.