बेसमेंटमधून दिसलेलं नेपरव्हिल : आमची वाटचाल

कोणी फोन करून बेसमेंटचं काम विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो, घर कोणत्या सालचं? नेपरव्हिलमध्ये साल कळलं की निम्मं काम कळतं. १९६५च्या आसपासचं असेल तर छत ठेंगणं आणि मधे लोखंडी खांब. १९९४चं असेल तर भिंती उंच, काँक्रीटच्या, आणि साच्याच्या सळयांची भोकं वरवर बुजवलेली. गळती आधी तिथूनच होणार. डाउनटाउनजवळचं शंभर-सव्वाशे वर्षांचं घर असेल तर पाया चुनखडीच्या दगडाचा. अशा कामाचा आकडा मी फोनवर सांगतच नाही, आधी जाऊन भिंतीला हात लावून बघतो.

वीस वर्षांहून जास्त काळ आमचा हाच धंदा आहे. बेसमेंट राहण्याजोगं करून द्यायचं, ओल काढायची, बाथरूम बसवायची. शिकागोच्या पश्चिमेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर असलेल्या या गावाने आम्हाला पोसलं. त्यामुळे आमची वाटचाल सांगायची तर गावाचीही सांगावी लागते.

मी मूळचा सांगलीचा. वडील बांधकामाचे ठेकेदार. शाळा सुटली की मी साइटवर जायचो. ओळंबा धरायचा, पाणसळ ठेवायची, गवंड्याला चहा आणून द्यायचा. मी इंजिनियर व्हावं अशी वडिलांची फार इच्छा होती, म्हणून वालचंदला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि १९९८ साली एका टेलिफोन कंपनीच्या कामावर इकडे आलो.

इकडे म्हणजे नेमकं इथेच का, हे तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं. नोकरी जिथे, तिथे घर. पुढे कळलं की त्यामागे चाळीस वर्षांची घडण आहे. १९५० साली या गावात ७,०१३ माणसं होती. १९५८मध्ये गावाच्या उत्तरेने शिकागोहून येणारा टोल रस्ता सुरू झाला. १९६६ साली त्या रस्त्याच्या कडेला बेल लॅब्स या टेलिफोन संशोधन संस्थेने आपलं इंडियन हिल केंद्र थाटलं. पाठोपाठ अमोको या तेल कंपनीची संशोधन शाखा आली. पूर्वेला अरगॉनची राष्ट्रीय प्रयोगशाळा, पश्चिमेला फर्मिलॅब ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. जिथे इतके इंजिनियर आणि शास्त्रज्ञ, तिथे शाळा चांगल्या लागतात, आणि शाळा चांगल्या म्हटल्यावर घरं विकली जातात. आपली माणसं इथे आली ती या वाटेने. १९९०ला लोकसंख्या ८५,३५१ होती, २०००ला १,२८,३५८. दहा वर्षांत त्रेचाळीस हजार माणसं! आम्हीही त्यातलेच. रूट ५९ या मोठ्या रस्त्याजवळ, जिथे मक्याची शेतं होती तिथल्या एका नव्या वसाहतीत आम्ही २००० साली घर घेतलं. मागच्या खिडकीतून तेव्हा शेतच दिसायचं.

घर घेताना बेसमेंट रिकामं होतं. नुसत्या भिंती आणि कोबा. इलिनॉयमध्ये थंडीत जमीन गोठते, म्हणून पाया साडेतीन फुटांच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच तर आणखी चार-पाच फूट खणून खाली एक मजला काढून घ्यायचा, असा इथला जुना हिशेब. बिल्डर तो मजला तसाच उघडा सोडतो. मी शनिवार-रविवार स्वतःच तो बांधायला घेतला. लाकडाचा सांगाडा उभा केला, लोखंडी नळीतून तारा ओढल्या (शिकागो परिसरात बहुतेक ठिकाणी तसा नियमच आहे), परवाना काढला, तपासनिसाकडून पास करून घेतलं. आठ महिने लागले. त्या वर्षी गणपती तिथेच बसवला. आरतीला आलेल्या प्रत्येकाने जाताना भिंतीवर टकटक करून पाहिलं.

२००१मध्ये टेलिफोन धंद्याला उतरती कळा लागली आणि माझी नोकरी गेली. आमच्या गल्लीतच अशी सहा घरं होती. चार महिने अर्ज केले. मग आरतीला आलेल्यांपैकी एकांनी विचारलं, "आमचं करून द्याल का? पैसे देऊ." बायको तेव्हा एका दवाखान्यात हिशेब बघायची. ती म्हणाली, "अहो, वर्षभर करून तर बघा. घर मी चालवते." २००२च्या वसंतात आम्ही फर्म नोंदवली. एक जुनी व्हॅन घेतली आणि मेक्सिकोहून आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा एक सुतार जोडीला घेतला. तो आजही आमच्याकडे आहे आणि माझ्या मुलांना मापं घ्यायला त्यानेच शिकवलं.

दुसऱ्याच वर्षी मोठी चूक झाली, ती इथे लिहिलीच पाहिजे. एका घरात मागच्या भिंतीवर बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा दिसत होता. सांगलीत वाढलेल्या माणसाला तो ओळखू यायला हवा होता. तो लोणा होता. पाणी भिंतीतून येऊन सुकलं की मागे क्षार राहतात. घरमालकाला दिवाळीच्या आत काम हवं होतं आणि मला पुढचं काम धरायचं होतं. मी ब्रशने पट्टा झाडला, वर सांगाडा उभा केला, बोर्ड मारले, रंग दिला. पुढच्या मे महिन्यात दोन दिवस पाऊस लागला आणि नवा गालिचा भिंतीपासून चार फुटांपर्यंत भिजला. मी स्वतः बोर्ड कापून काढला तेव्हा मागे केसाएवढी फट होती. तिच्यातून पाणी थेंबथेंब नव्हे, घाम यावा तसं पाझरत होतं. सगळं उचकटून, फटीत इपॉक्सी भरून, आतल्या कडेने चर खणून, नळी टाकून पाणी सम्पच्या (पाणी गोळा करून पंपाने बाहेर फेकायच्या) खड्ड्याकडे वळवलं आणि पुन्हा सगळं बांधलं. खर्च आमचा. त्या वर्षीचा नफा त्यात गेला. तेव्हापासून भिंत कोरडी झाल्याची खात्री पटेपर्यंत आम्ही एक खिळाही ठोकत नाही. त्यामुळे कित्येक कामं हातची गेली, पण तो नियम मोडलेला नाही.

वडिलांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, पाणी आपली वाट विसरत नाही." पुढच्याच वर्षी, २००५च्या महापुरात, आमच्या सांगलीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं.

त्या चुकीनंतर मी गावाची जमीन समजून घ्यायला लागलो. इथे हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती आहे. ती पाणी सोडत नाही, भिंतीला टेकून बसते. वसाहत होण्याआधी ज्या जागी शेताचा ओढा होता, तिथल्या घरांचा सम्प पंप बाराही महिने चालतो. १९९६च्या जुलैमध्ये शेजारच्या ऑरोरात एका दिवसात जवळजवळ १७ इंच पाऊस झाला होता. त्या पावसाच्या खुणा मला २०१०पर्यंत भिंतींवर दिसत होत्या. जुने नळ कापले की आत क्षारांचा थर मिळतो, कारण १९९२मध्ये लेक मिशिगनचं पाणी येईपर्यंत गाव विहिरींवर चालत होतं. जुन्या घरांतल्या नळ्यांवरून ते आधीचं पाणी अजून ओळखता येतं.

मग जुन्या घरांची कामं यायला लागली आणि मी नेपर सेटलमेंटच्या संग्रहालयात जायला लागलो. जोसेफ नेपर १८३१ साली ओहायोकडून काही कुटुंबं घेऊन ड्यूपेज नदीच्या काठी आला. आल्या आल्या लाकूड कापायची गिरणी आणि दुकान उभं केलं. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. गाव वसवायला निघालेल्या माणसाने आधी फळ्यांची सोय केली. १८३९मध्ये ड्यूपेज परगणा झाला आणि नेपरव्हिल त्याचं मुख्य ठाणं. पण १८४९ची रेल्वे शेजारच्या व्हीटन गावावरून गेली. इथे रेल्वे यायला १८६४ उजाडलं, आणि १८६८पर्यंत ठाणं व्हीटनला गेलेलंही होतं. व्हीटनची माणसं रात्री येऊन कचेरीची दप्तरं घेऊन गेली, ही गोष्ट इथे अजून सांगतात. त्यानंतर नव्वद वर्षं हे एक छोटं गाव होतं: एक कॉलेज, दगडाच्या खाणी, आणि क्रोलरचा सोफे-खुर्च्यांचा मोठा कारखाना. १९७०च्या दशकाच्या शेवटी तो बंद पडला. त्याची विटांची इमारत स्टेशनजवळ उभी आहे, आता तिथे लोक राहतात. बंद पडलेल्या खाणीचा गावाने १९३१मध्ये, शंभराव्या वर्षी, पोहण्याचा तलाव केला. माझी दोन्ही मुलं तिथेच पोहायला शिकली.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कमी माहीत असते. वसाहत बांधणाऱ्याने शाळा आणि बागेसाठी जमीन किंवा तेवढे पैसे द्यावेत, असा नियम या गावाने १९७०च्या दशकात केला. बिल्डर कोर्टात गेले. १९७७ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. आज कुठल्याही वसाहतीत कामाला गेलो की दुपारचा डबा खायला झाडाखाली बाक मिळतो, तो त्या नियमामुळे. वाढताना गावाने पुढचा विचार केला, आणि याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आमचं काम मात्र वाढलं ते गावाची वाढ मंदावल्यावर. २००८ला नवी घरं बांधणं जवळपास थांबलं. आमचेही अठरा महिने कठीण गेले. दोन माणसं कमी करावी लागली, तो दिवस मला अजून सलतो. पण पसरायला शेतंही फारशी उरली नव्हती. २०१०ला लोकसंख्या १,४१,८५३ आणि २०२०ला १,४९,५४०. लोकांनी नवीन घर घ्यायचं सोडून आहे त्याच घरात जागा शोधायला सुरुवात केली. २०१३च्या एप्रिलमध्ये नदीला पूर येऊन काठावरचा फिरायचा रस्ता, रिव्हरवॉक, पाण्याखाली गेला. त्या एका महिन्यात आम्हाला वर्षभराएवढे फोन आले. २०२०मध्ये सगळ्यांनाच घरी बसून काम करायला खोली हवी होती. आज आम्ही नऊ जण आहोत. बायकोने नोकरी २००६लाच सोडली. बिलं, परवाने, मालाची मागणी सगळं तिच्या हातात आहे, आणि कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं हेही तीच ठरवते.

मराठी घरांतून एक काम ठरलेलं: आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार, त्यांच्यासाठी खाली खोली आणि बाथरूम करा. हँडशॉवर हवा, पाय घसरायला नको, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. हे सगळं आम्ही न सांगता करतो. पण झोपायची खोली म्हटली की सुटकेची खिडकी लागतेच. किमान ५.७ चौरस फूट मोकळी, आणि खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. त्यासाठी पायाची भिंत कापावी लागते आणि खर्च वाढतो. पुष्कळजण म्हणतात, "खोली कागदावर दाखवू नका ना, स्टोअर म्हणा." तिथे मी काम सोडतो. एकदा एका घरात अशी खिडकी बसवत असताना सोलापूरहून आलेल्या काकू खाली आल्या, स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथून पाऊस दिसेल का हो?" आम्ही बाहेरचा खड्डा ठरल्यापेक्षा दोन फूट रुंद केला आणि त्यात पायरी काढून कुंड्या ठेवायला जागा केली. त्यांनी त्यात तुळस लावली. थंडीत ती आत घ्यायची हे त्यांनी लेकाकडून वदवून घेतलं.

२०२१च्या २० जूनला रात्री अकराच्या सुमारास गावावरून टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, गेलं. भोंगे वाजले. आम्हीही खाली गेलो. सकाळी त्या भागातल्या, आम्ही काम केलेल्या चार घरांना फोन लावले. एका घराचं छप्पर अर्धं उडालं होतं. घरातली पाचही माणसं रात्रभर आम्ही बांधलेल्या खोलीत होती. मी पोचलो तेव्हा त्यांची मुलगी अजून ब्लँकेट गुंडाळूनच अंगणात उभी होती. आम्ही ताडपत्र्या घेऊन गेलो होतो, त्या दिवसभर बांधत राहिलो. त्या आठवड्यात कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत.

वडील २००७ साली इथे येऊन गेले. बेसमेंट बघून त्यांचा पहिला प्रश्न होता, "नदी केवढ्यावर आहे?" जाताना त्यांनी आपली थापी माझ्याकडे ठेवली. लाकडी मूठ हाताने झिजून एका बाजूला सपाट झालेली. बरीच वर्षं ती नुसती कपाटात होती.

सध्या डाउनटाउनजवळ एकोणिसाव्या शतकातल्या एका घराचं काम चालू आहे. पाया इथल्याच चुनखडीच्या दगडाचा. आधी कोणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं होतं. सिमेंट दगडापेक्षा कडक; ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मालकिणीला ही भिंत झाकायची नाही, तशीच दिसायला हवी आहे. तेव्हा आम्ही तीन आठवडे छिन्नीने ते सिमेंट काढलं आणि आता चुन्याने सांधे भरतो आहोत, वडिलांच्या थापीने. आमचा सुतार आधी लांब उभा राहून बघत होता. परवा म्हणाला, "माझ्या आजोबांच्या घराला असाच चुना होता," आणि दुसरी थापी घेऊन शेजारी उभा राहिला. चुना सावकाश धरतो, त्याला घाई चालत नाही. उत्तरेकडची भिंत पूर्ण झाली आहे. तिच्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवलंय, आणि उद्या रविवार असला तरी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाऊन त्यावर पाणी मारायचं आहे.